मेंदूची नवी पिलं (लेखांक ९)

आगाशीला आमच्या शेजारच्या काकांची केळीची वाडी आहे. परवा ते कोयत्याने बुंध्याभोवतीची पिलं काढत होते. एकदम थांबून म्हणाले, "तू पेपरात मेंदूवर लिहितोस ना? मग सांग. पोरगी दीड वर्षाची असताना तापात अर्धा तास फिट चालली होती. त्यानंतर सतरा वर्षं काही नाही. आता कॉलेजात गेली आणि महिन्यातून एकदा टक लावून बसते, ओठ चाटते, हाक मारली तर ओ देत नाही. मधली सतरा वर्षं ही आकडी होती कुठे?"

घरात कुणीतरी बाहेरचं झालंय म्हणून अंगारा आणला होता. काकांनी तो देवळीत ठेवला आणि मुलीला डॉक्टरकडे नेलं, हे बरं केलं.

त्यांचा प्रश्न मात्र थेट संशोधकांचाच आहे. गेल्या आठवड्यात आपण मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग पाहिला. त्याच्या तोंडाशी डेंटेट गायरस नावाची पेशींची वळणदार पट्टी असते. विरार फास्टच्या दारातली मंडळी आठवा, बोरिवलीला कुणाला आत घेतील तर शपथ. ही पट्टी तशीच. बाहेरून संदेशांचा लोंढा येतो, आत मोजकेच सोडले जातात. फिटची विजेची लाटही पुष्कळदा इथेच अडते.

गंमत म्हणजे, या पट्टीत जन्मानंतरही नव्या चेतापेशी उगवतात. १९६५ साली जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी उंदरांमध्ये ते दाखवलं. पुढची तीसेक वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९९७ मध्ये जॅक पॅरेंट आणि सहकाऱ्यांना दिसलं, की उंदराला औषध देऊन लांबलेली फिट आणली की काही दिवसांनी या पेशींचं पीकच येतं.

पीक आलं म्हणजे चांगलं, असं वाटेल. पण काकांना विचारा, ते पिलं का काढतात? फिटनंतर जन्मलेल्या पेशींपैकी काही पट्टीत बसायचं सोडून उलट्या बाजूला, आतल्या पोकळशा भागात जाऊन रुजतात. काहींना नको त्या दिशेला जास्तीची फांदी फुटते. त्यांचे तंतू पुढे जाण्याऐवजी मागे वळतात आणि शेजारच्याच पेशींना चेतवतात. दारातला माणूसच बाहेरच्यांना हात देऊन आत ओढू लागला तर डब्याचं काय होईल? हे सगळं फिट नसलेल्या काळात, चुपचाप घडतं. काकांच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे असू शकतं.

अशा पेशी थोड्या असल्या तरी पुरतात. २०१२ मध्ये स्टीव्ह डॅन्झर यांच्या गटाने उंदरांच्या या पट्टीतल्या दहा टक्क्यांहूनही कमी पेशींमधून पीटेन हे जनुक काढलं. त्या पेशी अशाच वेड्यावाकड्या वाढल्या आणि तेवढ्यानेच उंदरांना अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, झाला. उलट बाजूने, २०१५ मध्ये जेनी शे यांच्या गटाने लांबलेल्या फिटआधीच नव्या पेशी नष्ट केल्या, तेव्हा पुढच्या फिट साधारण चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. चाळीसच. म्हणजे सगळा दोष या पिलांच्या माथी मारता येत नाही. जुन्या पेशी मरणं, सूज, जनुकं हीही कारणं आहेतच.

आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. एकात माणसाच्या डेंटेटमध्ये बालपणानंतर नव्या पेशी जवळपास दिसेनाशा होतात. दुसऱ्यात त्या सत्तरीपर्यंत आहेत. भांडण अजून मिटलेलं नाही. २०२२ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतीत आढळलं, की अपस्मार जितका जुना, तितक्या कोवळ्या चेतापेशी कमी. मला यात दीड वर्षाच्या बाळाचा मेंदू जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्या वयात नव्या पेशी असतात यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

तापात फिट आलेल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही, हे काकांना दोनदा सांगितलं. धोका वाढतो तो लांबलेल्या फिटने. म्हणून कांदा-चप्पल हुंगवण्याऐवजी घड्याळ बघायचं. माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि पाच मिनिटं उलटली की सरळ रिक्षा नाहीतर रुग्णवाहिका.

"म्हणजे तेव्हा अर्धा तास वाट बघायला नको होती," काका म्हणाले. तेव्हा रात्र होती, पाऊस होता आणि रिक्षा मिळाली नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी विषय औषधांच्या वेळांवर नेला. पुढच्या शनिवारी त्याबद्दलच.