भरपाईच्या कागदातून घडणारे पुढारपण



दर अंकात मी लागण, खोडवा नाहीतर हुमणी यांवर लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण आपल्या फडाबाहेरचा नाही.

मागच्या महिन्यात गावी शिरोड्याला गेलो होतो. शेजारचा मुलगा बी. कॉम. झालेला. म्हणाला, "काका, विमा कंपनीत क्लेमच्या खात्यात नोकरी गावता. करू काय?" त्याचे वडील लगेच म्हणाले, "लोकांचे पैसे अडवूचा काम ता!"

त्यांना मी एक जुनी हकिकत सांगितली. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आपल्या भागातल्या एका सभासदाच्या ट्रॅक्टरवरच्या गड्याची दोन बोटं गेली. ट्रॉलीची पिन लावताना हात सापडला. सभासदाने मजुरांचा विमा उतरवलेला होता, पण हजेरी नाही, पगाराची नोंद नाही. कंपनीला कळवलं तेही तीन महिन्यांनी. दावा बुडाल्यातच जमा होता. चौकशीला आलेला अधिकारी मात्र कचेरीत न बसता थेट बांधावर आला. ट्रॉलीचा हूक बघितला आणि विचारलं, "त्या दिवशीची काट्याची पावती आहे का?" पावतीवर तारीख, वेळ, वाहनाचा नंबर, सगळं होतं. त्या दिवशी ट्रॅक्टर ऊस वाहत होता हे त्या चिठोऱ्याने सिद्ध झालं आणि गड्याला पैसे मिळाले. हा अधिकारी शेतकऱ्याचाच मुलगा. पुढे तो दावे खात्याचा प्रमुख झाला.

हे हक्काचे पैसे सुखासुखी आलेले नाहीत. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा अधू झालेल्याच्या पोटापाण्याची सोय, ही त्यांतली एक. गिरणगावात आपल्या कोकणातली माणसं किती होती, ते सांगायला नको. भरपाईचा कायदा झाला १९२३ साली आणि अंमलात आला १ जुलै १९२४ रोजी. मागणीनंतर चाळीस वर्षांनी! आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध असल्यास, तीत धरला जातो.

हिशोब कसा होतो, तेही बघा. चाळीस वर्षांचा माणूस, महिना पगार १०,००० रुपये, कामावर मृत्यू पावला. पगाराचा निम्मा भाग ५,०००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या १८४.१७ या आकड्याने गुणायचे. भरपाई ९,२०,८५० रुपये. एवढी रक्कम घरातून द्यायची म्हटली तर किती हंगाम लागतील? म्हणून विमा. आणि वय किंवा पगार कागदावर चुकला, तर त्या विधवेचे किती नुकसान होईल?

या कामात वर कसे चढायचे? साधारण सुरुवात सहायक म्हणून होते. मुंबईच्या भारतीय विमा संस्थानच्या लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो अशा पायरीपायरीने परीक्षा असतात. ही संस्था १९५५ पासूनची. पुण्याला राष्ट्रीय विमा अकादमी आहे, तिथे अधिकाऱ्यांचे शिक्षण होते. जोडीला कायद्याची पदवी घेतली तर उत्तमच. पण नुसत्या परीक्षांनी कोणी प्रमुख होत नाही. खोटा दावा नाकारताना कारण लिहून देणारा, खरा दावा एक दिवसही न रखडवणारा, हाताखालच्या पोरांना टेबलावरून उठवून जागेवर नेणारा, त्याच्याकडे खाते येते. गव्हाण म्हणजे काय, मोळी कशी चढवतात, माडावरचा पाय कसा निसटतो, हे आपल्या पोरांना शिकवावे लागत नाही. शहरातल्या मुलाला जे पुस्तकात सापडत नाही, ते भांडवल यांच्या गाठीला आहे. मुलगी असो वा मुलगा, ज्याला हिशोबाची आणि माणसाची दोन्हींची कदर आहे त्याने या वाटेला जरूर जावे.

आपण सभासदांनीही आपले काम करावे. ट्रॅक्टरवर, मळ्यात राबणाऱ्याचे नाव, वय, पगार एका वहीत रोज टिपावे. मजुरांचा विमा हंगामाआधी उतरवावा. अपघात झाल्यास आधी दवाखाना आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी खबर. काट्याच्या पावत्या बिल मिळालं म्हणून फेकू नका.

शेजारच्या मुलाने अर्ज भरला आहे. निघताना त्याचे वडील मला म्हणाले, "तुमच्या त्या सायबासारको झालो तर बरा." मीही तेच म्हणतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी