राबाची राख, युरियाची गोणी आणि नागलीच्या पात्यातली बुरशी

एप्रिल-मे महिन्यात जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीवर धूर दिसू लागला की समजावं, राब भाजायला सुरुवात झाली. शेण, छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, वाळलं गवत, वर मातीचा पातळ थर आणि मग काडी. पावसाच्या तोंडावर त्याच जागी नागली, वरई, भाताचं बी टाकायचं आणि रोपं हाताशी आली की आवणी.

या धुरावरून एकेकाळी सरकारदरबारी मोठं भांडण झालं. जव्हार मुकणे घराण्याचं संस्थान होतं, मोखाडा मात्र इंग्रजी अमलातल्या शहापूर तालुक्याचा पेटा. इंग्रजी मुलखात वनखात्याने राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं घातली, ठाणे-कुलाब्यात ओरड झाली आणि १८८५ मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. तिथला वाद झाडांचा होता. राबातलं रोप इतकं तरारतं कशाने, हे तपासलं पुण्याच्या कृषी महाविद्यालयाने. हॅरॉल्ड मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांचा राबावरचा अभ्यास १९१२ मध्ये छापून आला. राखेतून पालाश आणि स्फुरद मिळतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. या तिघांनी नुसत्या तापण्यानेही मातीत काय बदलतं, याची दखल घेतली. माझ्या मते या सगळ्या काळातला सर्वात चांगला प्रश्न तोच होता. पुढे तो मागे पडला.

कारण पुढे गोणी आली. ऑगस्ट १९९२ मध्ये केंद्राने स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचं किंमत-नियंत्रण उठवलं, युरियावरचं ठेवलं. साहजिकच देशभर स्वस्त नत्राकडे कल वाढला. राबातून जे मिळायचं त्यात पालाश भरपूर, जळताना नत्राचा बराच भाग धुरात जायचा. गोणीत नेमकं उलट.

हा फरक पिकाच्या आतपर्यंत पोचतो. नागली, वरई ही शेवटी गवतंच. कुठल्याही गवताच्या निरोगी दिसणाऱ्या पात्यात, खोडात, मुळात बुरशींची वस्ती असते. काही नुसत्या राहतात, काही उपयोगी पडतात, काही संधीची वाट बघतात. नागलीवरचा करपा बुरशीचाच, आणि नत्र जास्त झालं की तो बळावतो हे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. मुळांतल्या मित्रबुरशीचं गणित वेगळं: मातीत आयतं स्फुरद मिळालं की रोप तिला पोसणं कमी करतं. खत घातलं की पिकाबरोबर त्याच्या पोटातली वस्तीही बदलते, ती अशी.

अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात हे मोजमाप बरंच पुढे गेलं. मिनेसोटातल्या सीडर क्रीकला १९८२ पासून वाफ्यांना नत्र घालून पाहताहेत. तिथे नत्राबरोबर वनस्पतींच्या जाती घटत गेल्या. नंतर अशा वाफ्यांतली पाती कापून आतल्या बुरशींचा डीएनए वाचला जाऊ लागला. आणि गंमत म्हणजे नागलीच्या पोटात काय दडलंय, ते कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात उघडून बघितलं गेलं. २०१५ मध्ये तिथल्या संशोधकांनी नागलीत राहणारी फोमा वंशाची एक बुरशी दाखवली. ती दुसऱ्या रोगकारक बुरशींना मारणारी द्रव्यं तयार करते. पुढच्या वर्षी मुळांतला एक जिवाणू सापडला, तो फ्युजेरियम बुरशीला मूळकेसांच्या जाळ्यात अडकवून संपवतो.

२०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. नागलीची बिस्किटं निघाली, लोह-कॅल्शियमचे तक्ते छापले गेले. त्या सगळ्यात पात्याच्या आतल्या या रहिवाशांचा उल्लेख मला क्वचितच दिसला. भाजलेल्या मातीत वरच्या थरातली बरीच बुरशी मरते. मग राबातलं रोप आवणीनंतर आपले सोबती नव्या मातीतून आणि हवेतून गोळा करत असणार, असा माझा अंदाज. तो तपासायला मोठी प्रयोगशाळाही आधी लागत नाही. मोखाड्याच्या एकाच उतारावर राबाची नागली आणि युरियाची नागली शेजारी-शेजारी लावायची आणि कणसं भरायच्या आत दोन्हींची पाती कापून तपासणीला धाडायची.