काचेच्या घरातले शेजारी

बालमित्रांनो, नांदेडला गेल्यावर दुकानातल्या टाकीतले रंगीत मासे दिसले की तुमचे पाय तिथंच थबकतात ना? हाही हवा, तोही हवा, असं होऊन जातं. पण थांबा! वर्गात कुणाशेजारी कुणाला बसवायचं, याचा विचार आम्हा शिक्षकांना करावा लागतो. टाकीतही तो करावा लागतो. मासे सिक्लिड कुळातले असतील तर नक्कीच!

हे सिक्लिड कोण? त्रिकोणी, चपटा एंजल, दांडगा ऑस्कर, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले निळे-पिवळे मासे, हे सगळे एकाच कुळातले. बहुतेक माशांना दोन्ही बाजूंना दोन-दोन नाकपुड्या असतात, सिक्लिडला एकेकच. आणि माया तर फार! एंजलचे आईवडील पानावर अंडी चिकटवतात आणि दोघं मिळून राखण करतात. याच मायेपोटी ते जागा अडवतात, जवळ येईल त्याला हुसकावतात. नदीत पळून जाता येतं. टाकीत पळणार कुठं? ‘असंगाशी संग, प्राणाशी गाठ’ म्हणतात ते हेच.

मग सोबती निवडायचा कसा? तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, तोंड केवढं? दुकानातला बोटभर ऑस्कर वाढून फूटभर होतो. तोंडात मावेल तो मासा म्हणजे त्याचं जेवण! मोठा एंजलसुद्धा इवल्याशा निऑन टेट्राला गिळतो.

दुसरा, स्वभाव कसा? टायगर बार्ब भारी खोडकर. एंजलचे लांब पर कुरतडतो. त्यापेक्षा तळाशी शांतपणे फिरणारे पाच-सहा कोरिडोरास बरे. फ्लॉवरहॉर्न मात्र एकटाच ठेवावा.

तिसरा, पाणी कोणतं? बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, असं तुमची आई म्हणते का? ते दुष्फेन पाणी. मलावीच्या माशांना ते मानवतं. दक्षिण अमेरिकेतल्या नाजूक रॅमला मऊ पाणी लागतं. म्हणून मलावीचे मासे आणि रॅम एका टाकीत नकोत. एंजलही तिकडचाच, पण पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढल्यामुळे तो थोडं जड पाणी सोसतो.

टाकीत फुटक्या मडक्याचे तुकडे आणि दगड ठेवा. आडोसा असला की भांडणं कमी होतात.

आपल्या देशातही सिक्लिड आहेत बरं का! गोव्यात कालुंदर म्हणतात तो मासा केरळात करीमीन. २०१० साली तो केरळचा राज्यमासा झाला. त्याचा छोटा भाऊबंद ऑरेंज क्रोमाइड त्याच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. केवढा उपयोगी शेजारी! पण संधी मिळाली तर हाच शेजारी कालुंदरची अंडीही फस्त करतो. शेजार चांगला असला तरी नजर ठेवावीच लागते.

आणि माशांचं पटलंच नाही तर? त्यांना वेगळ्या टाकीत ठेवा किंवा दुकानदाराला परत द्या. विहिरीत, गोदावरीत मुळीच सोडू नका. चिलापी म्हणजे तिलापिया हासुद्धा आफ्रिकेतला सिक्लिड. १९५२ साली तो भारतात आणला आणि आज नदी-तलावांत पसरून इथल्या माशांच्या अन्नात वाटेकरी झाला आहे.

तेव्हा मुलांनो, खरेदीआधी हे तीन प्रश्न वहीत लिहा आणि आईबाबांसोबत उत्तरं शोधा. रंग नंतर पाहू!