मानेतील अरुंद धमनीवरील उपचार : खर्च व परिणामकारकतेचा तुलनात्मक अभ्यास (विशेष संदर्भ : धाराशिव जिल्हा)

प्रस्तावना :
मेंदूला रक्तपुरवठा करणाऱ्या दोन प्रमुख धमन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. त्यांना कॅरोटिड धमन्या असे म्हणतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूसेवन व वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे या धमन्यांच्या आतील भिंतीवर चरबीयुक्त थर साचतो आणि धमनी अरुंद होते. या थरावरील रक्ताची गुठळी सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. ग्रामीण भागात यालाच 'अंगावरून वारे जाणे' असे म्हटले जाते. सर्वच पक्षाघात मानेतील धमनीमुळे होत नाहीत. मेंदूतील रक्तस्राव व मेंदूच्या आतील धमन्यांचे अरुंद होणे हीदेखील महत्त्वाची कारणे होत. तथापि मानेतील अडथळा वेळीच शोधून दूर करता येतो, म्हणून त्याच्या उपचारांचा आर्थिक विचार आवश्यक ठरतो.

ग्रामीण महाराष्ट्रातील या प्रश्नाचे गांभीर्य गडचिरोली जिल्ह्यातील 'सर्च' संस्थेच्या अभ्यासातून स्पष्ट होते. ८६ गावांतील मृत्यूंच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले व त्यांपैकी बहुसंख्य मृत्यू घरीच झाले होते.

उद्दिष्टे :
१) अरुंद कॅरोटिड धमनीवरील उपचारपद्धतींची तुलना करणे.
२) खर्च-परिणामकारकता ही संकल्पना स्पष्ट करणे.
३) धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात निष्कर्ष मांडणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यात वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

खर्च-परिणामकारकता म्हणजे काय?
केवळ स्वस्त उपचार म्हणजे परिणामकारक उपचार नव्हे. विशिष्ट लाभ मिळविण्यासाठी किती खर्च करावा लागतो, याचे मापन म्हणजे खर्च-परिणामकारकता होय. येथे लाभ म्हणजे टळलेला पक्षाघात. एक पक्षाघात टाळण्यासाठी किती रुग्णांवर उपचार करावे लागतात, ही संख्या उपचाराच्या खर्चाने गुणली असता एक पक्षाघात टाळण्याची किंमत मिळते.

उपचारपद्धतींची तुलना :
उपचाराच्या तीन पद्धती आहेत. पहिली औषधोपचाराची, यात रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या व रक्तदाबाच्या गोळ्या येतात. दुसरी एन्डआर्टरेक्टॉमी, म्हणजे धमनी उघडून आतील थर काढण्याची शस्त्रक्रिया. तिसरी स्टेंट बसविण्याची. पहिली पद्धत उर्वरित दोहोंसोबतही चालू ठेवावी लागते.

ज्यांना नुकताच सौम्य किंवा तात्पुरता पक्षाघात झाला आहे व ज्यांची धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद आहे, अशा रुग्णांवरील उत्तर अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ औषधांवर असणाऱ्यांपैकी २६ टक्के, तर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्के रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. म्हणजेच सुमारे ६ शस्त्रक्रियांमागे एक पक्षाघात टळला.

लक्षणे नसलेल्या रुग्णांचे चित्र वेगळे आहे. १९९५ च्या अमेरिकी चाचणीत पाच वर्षांतील धोका ११ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर आला. म्हणजे एका पक्षाघातामागे सुमारे १७ शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्यानंतर औषधे सुधारली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रेस्ट-२ चाचणीत केवळ औषधांवरील रुग्णांचा चार वर्षांतील धोका ५ ते ६ टक्के इतकाच होता. स्टेंटमुळे तो ६.० वरून २.८ टक्क्यांवर आला. शस्त्रक्रियेमुळे दिसलेला फरक मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

शस्त्रक्रिया व स्टेंट यांची थेट तुलना २०१० च्या क्रेस्ट चाचणीत झाली. उपचाराच्या सुमारास पक्षाघाताचे प्रमाण स्टेंटमध्ये ४.१ व शस्त्रक्रियेत २.३ टक्के होते. हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण याउलट १.१ व २.३ टक्के होते. पुढे २०१२ मधील आर्थिक विश्लेषणात दोहोंच्या एकूण खर्चात व लाभात अल्पच फरक आढळला.

वेळेचे अर्थशास्त्र :
या तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा घटक उपचाराचा प्रकार नसून वेळ हा आहे. युरोप व उत्तर अमेरिकेतील चाचण्यांच्या २००४ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, लक्षणे असलेल्या व निम्मी वा त्याहून अधिक धमनी अरुंद झालेल्या रुग्णांवर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रियेचा निर्णय झाल्यास पाच वर्षांत एक पक्षाघात टाळण्यासाठी ५ शस्त्रक्रिया पुरतात. बारा आठवड्यांहून अधिक विलंब झाल्यास हीच संख्या १२५ होते. केवळ उदाहरणादाखल एका शस्त्रक्रियेचा खर्च १ लाख रुपये मानला, तर एक पक्षाघात टाळण्याची किंमत पहिल्या स्थितीत ५ लाख, तर दुसऱ्या स्थितीत सव्वा कोटी रुपये होते. शस्त्रक्रिया तीच आणि शुल्कही तेच. केवळ विलंबामुळे ती पंचवीस पटींनी महाग ठरते.

धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ :
२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याचा समावेश झाला. अलीकडे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असले, तरी विशेष उपचारांसाठी रुग्णांना सोलापूर, लातूर किंवा पुणे गाठावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मात्र ही योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहे. तत्पूर्वीचा प्रवास, बुडालेली मजुरी व मानेची डॉप्लर तपासणी यांचा भार कुटुंबावरच पडतो आणि विलंब नेमका याच टप्प्यावर होतो. हात लुळा पडणे, बोबडी वळणे, एका डोळ्यापुढे अंधारी येणे ही लक्षणे अर्ध्या तासात ओसरली की 'बरे वाटले' म्हणून रुग्ण घरीच थांबतो. परंडा किंवा उमरगा तालुक्यातील शेतमजुराच्या बाबतीत दोन आठवड्यांची मुदत अशीच निघून जाऊ शकते.

निष्कर्ष :
१) लक्षणे नसलेल्यांसाठी नियमित औषधे व तंबाखूमुक्ती हाच पहिला उपाय असावा, पुढील उपचारांचा निर्णय तज्ज्ञांनी रुग्णनिहाय घ्यावा.
२) लक्षणे असलेल्यांच्या बाबतीत शस्त्रक्रिया की स्टेंट, यापेक्षा रुग्ण किती दिवसांत पोहोचला याला अधिक महत्त्व आहे.
३) उपजिल्हा रुग्णालयांत डॉप्लर तपासणी व तातडीच्या प्रवासाची सोय यांवरील खर्च हा सर्वाधिक फलदायी ठरू शकेल.
४) महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून 'लक्षण ओसरले तरी त्याच दिवशी रुग्णालय' हा संदेश गावोगावी पोहोचवावा.

समारोप :
उपचाराची परिणामकारकता केवळ शस्त्रक्रियागृहात ठरत नाही. रुग्ण घरातून केव्हा निघाला यावरही ती अवलंबून असते. म्हणून आरोग्यखर्चाचे नियोजन करताना उपचाराच्या दराइतकाच विलंबाच्या किमतीचाही विचार होणे अगत्याचे आहे.