भट्टी उतरते तसे पाव

गोव्यातल्या गावात पाव दारात येतो, बेकरी मात्र दिसत नाही. पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला रबरी भोंगा वाजतो, सायकलवरची बांबूची टोपली फाटकाशी थांबते आणि पोदेर, म्हणजे पाववाला, पाव मोजून देऊन पुढच्या वाड्याला जातो. भट्टी कुठे आहे, हे विचारायची वेळच येत नाही. सासष्टी तालुक्यात राहत असताना मी एका दुपारी रिकामी टोपली घेऊन परतणाऱ्या पोदेराच्या मागून गेलो. चर्चमागची वाट, मग माडांचं भाट, मग एक कौलारू घर. पाटी नव्हती. पडवीत छपरापर्यंत लाकडं रचली होती, तीच खूण.

माजोर्डा याच तालुक्यात. पोर्तुगीज काळात तिथल्या लोकांना जेजुइट पाद्र्यांनी पाव भाजायला शिकवलं, असं सांगतात. तेव्हा पीठ आंबवायला माडाची सूर वापरत. आता माडावर चढणारे रेंदेर कमी झाले. या घरातही यीस्टच येतं.

पण भट्टी जुनीच. चिऱ्यांची आणि मातीची, आतून घुमटासारखी, तोंड लहान. लाकडं घुमटाच्या आतच, ज्या फरशीवर पाव ठेवायचे तिच्यावरच जाळतात. ती जळून गेली की निखारे ओढून घेतात आणि काठीला बांधलेल्या ओल्या पोत्याने फरशी पुसतात. मग घरातला म्हातारा चिमूटभर पीठ आत टाकतो. पीठ लगेच काळं पडलं की थांबायचं. सावकाश तांबूस झालं की भट्टी तयार. "उजो न्हय, फातर भाजता," तो म्हणाला. आगीचं काम तोवर संपलेलं असतं, पुढचं सगळं तापलेल्या दगडावर.

दगड एकदाच तापतो आणि मग निवतच जातो. घरातल्या प्रत्येकाचं काम त्यावरून ठरतं. सगळ्यात कडक तापात पोयी. गव्हाच्या कोंड्यात घोळवलेली ही चपटी भाकर लांब दांड्याच्या फळीवरून आत सरकते आणि बघता बघता टम्म फुगते, पोटात पोकळी धरते. ताप जरा उतरला की उंडे. त्यांना कडक कवच हवं, पण आतला गरही शिजायला हवा. तेवढ्या वेळात सून कातरे पाव करते: गोळा चपटा करून कात्रीने असा कापते की फुलपाखराचे पंख सुटावेत. तिच्या हाताला थांबा नसतो, कारण दगड तिच्यासाठी थांबत नाही. शेवटी, भट्टी पार मंदावली की काकणं. चहात बुडवून खायच्या या बांगड्यांना भाजण्यापेक्षा सुकवणंच जास्त लागतं. जोराच्या तापात त्या बाहेरून करपतील आणि आत मऊ राहतील.

एका आगीवर सगळी न्याहारी निघते. मला ही अक्कल थोर वाटते, आणि ती कुठल्याही वहीत लिहिलेली नाही.

आसपासच्या गावांत बऱ्याच जणांनी भट्ट्या बाहेरून आलेल्या कामगारांना चालवायला दिल्या आहेत. रात्रपाळी आणि धूर मुलांना नको वाटतो, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. मुंबईत जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. दाट वस्तीत धुराचा त्रास खराच आहे. ती बातमी या घरातही पोचली होती. धाकट्या मुलाने गॅसच्या भट्टीची चौकशी करून ठेवली आहे. लाकूड महागलंय, राख काढायची नको, बटण फिरवलं की हवा तेवढा ताप. म्हातारा नाही म्हणाला नाही. त्याने फक्त हिशेब मांडला: पोयी गॅसवर फुगेल, उंडाही होईल, पण काकणांना आज वेगळं जळण लागत नाही. गॅसवर तीही विकतच्या आगीवर भाजावी लागतील, आणि मग त्यांचा भाव गावाला परवडेल का?