समुद्राखालचं जंबो जेट

जिदहफ्सकरांनो, डायव्हिंगसाठी मालदीवची तिकिटं काढण्याआधी आपल्या बहारीनमधल्या मुहर्रकच्या उत्तरेचा समुद्र बघा. २०१९ मध्ये तिथे एक जुनं बोइंग ७४७ मुद्दाम बुडवलंय. चांगलं ७० मीटर लांब! प्रवाळांना चिकटायला टणक जागा आणि माशांना आसरा मिळावा, हा हेतू. कारण १९९८ च्या तापलेल्या पाण्याने बहारीनचे बरेचसे प्रवाळ मारले होते. मालदीवसारखं नितळ पाणी इथे नाही, आधीच सांगतो. पण याच समुद्रात नाकाला चिमटा लावून, पायात दगड अडकवून पाणबुडे मोत्यांसाठी उतरायचे, आणि ते मोती विकले जायचे आपल्या मुंबईत! इथले शिंपल्यांचे तीन पट्टे २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. विमान साधारण २० मीटर खोल आहे, त्यामुळे ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर कोर्स करूनच या.