कानातला किडा

माझे वडील, अण्णा, इचलकरंजीत पंचवीस वर्षे यंत्रमागावर होते. चार वर्षांपूर्वी ते रात्री-अपरात्री उठून घरभर काहीतरी शोधू लागले. "कुठंतरी किडा ओरडतोय," म्हणायचे. आम्हाला काहीच ऐकू येत नसे. पुढे ते चिडचिडे झाले, लग्नकार्याला जाईनासे झाले. 'वयाने स्वभाव बदलला' असा निकाल आम्ही देऊन टाकला. तो साफ चुकीचा होता, म्हणून हा लेखनप्रपंच.

या विकाराला कर्णनाद म्हणतात. हे नाव सुश्रुतसंहितेतही आढळते. आपल्या अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. सततच्या गोंगाटाने किंवा वयोमानाने त्या नष्ट झाल्या, की पुन्हा येत नाहीत. मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो. रेडिओवर स्टेशन नीट लागेना म्हणजे आपण आवाज वाढवतो. मेंदूही तसेच काहीसे करतो आणि मग खरखरच मोठी ऐकू येते, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

यात मनाचा संबंध कोठे येतो? १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले. पाच मिनिटांत त्यांपैकी ९४ टक्के लोकांना कसले ना कसले आवाज ऐकू आले! म्हणजे असा आवाज जगावेगळा नव्हे. परंतु मेंदूने त्यावर एकदा 'धोका' असा शिक्का मारला, की लक्ष तेथेच खिळते. झोप उडते, काळजी वाढते आणि काळजीने तोच आवाज अधिक जाणवतो. ज्यांना हा त्रास तीव्र असतो त्यांच्यात चिंता व नैराश्य अधिक आढळते. उलट, आधीच खचलेल्या मनाला हा आवाज जास्त छळतो.

डॉक्टरांनी अण्णांना श्रवणयंत्र दिले, रात्री मंद रेडिओ चालू ठेवायला सांगितले आणि समुपदेशकाकडे पाठवले. विचारांची सवय बदलणाऱ्या या उपचाराने आवाज जात नाही, त्याचा जाच मात्र कमी होतो. (आवाज एकाच कानात असेल, नाडीसारखा ठोके देत असेल किंवा ऐकणे एकाएकी कमी झाले असेल, तर ताबडतोब डॉक्टरांना गाठावे.)

"आवाजापेक्षा तुम्हाला पटत नव्हतं, त्याचाच जास्त त्रास झाला," असे अण्णा नंतर म्हणाले. परवा मी विचारले, "अण्णा, किडा ओरडतोय का?"

"ओरडतोय की! ओरडू दे," म्हणाले आणि पेपर वाचू लागले.